मैनेचं दूध टाकीत पडायच्या आत

दीना पोरी,

घास कापून आलीस की भारा तसाच टाक आणि आधी हे वाच. मी सायकलवर डेअरीकडे निघालोय. सकाळी तू आपल्या मैना गाईचं दूध कॅनमध्ये घालून टेम्पोत चढवलंस. ते दूध घालायचं नव्हतं. चूक माझी आहे.

काल तू माहेरी गेल्तीस, तेव्हा डॉक्टरांनी मैनेच्या सुजलेल्या सडात पेनिसिलीनची ट्यूब सोडली. "तीन दिवस हिचं दूध कुणाच्या पोटात जाता कामा नये. वहीत लिहा, आजोबा," असं दोनदा बजावून गेले. मी लिहिलं, पण माझ्या खोडीप्रमाणे. 'मैनेने अशी लाथ झाडली की डॉक्टर उडाले ते थेट सुप्याच्या कारखान्यात पडले, आणि तिथं त्यांना नोकरी लागली.' औषध आणि तीन दिवस त्याच्याखाली, बारीक अक्षरात. तू वरची ओळ वाचून हसलीस आणि वही मिटलीस, व्हय ना?

पातेल्यातलं दूध मी खड्ड्यात ओतलंय. आपल्या छोट्या ग्रेसला पेनिसिलीनने कसा श्वास लागला होता, ते आठव. तशी गावात आणखी कुणाची लेकरं असतील.

डेअरीत माझं कोण ऐकणार? आपली गाय थेट ताकच देते, हे मीच तिथं शपथेवर सांगितलेलं आहे. तू लगेच ये आणि "मामा खरं बोलतायत" एवढंच म्हण. तोवर मी आपल्या कॅनवर बसून राहतो. चौघांनी ओढलं तरी उठणार नाही.

तुझा सासरा, जॉर्जमामा