साठ गार्लिक ब्रेड

१५ जानेवारी, बुधवार. वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस.

झालं ते असं –

१. काल उत्तरायण. सोसायटीच्या तीन गच्च्यांवरून बिजलभाभीकडे साठ चीझी गार्लिक ब्रेडची ऑर्डर होती.
२. कृती माझी. एका ब्रेडला मैदा ऐंशी ग्रॅम, चीज पस्तीस. भाभीने प्रमाण बदललं नाही. वजन करताना मी शेजारी उभी होते.
३. साडेबाराला खोकी वर गेली.
४. पाऊण वाजता समोरच्या दक्षामासी अर्धा ब्रेड घेऊन खाली आल्या. सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी ओढून दाखवला. तार आली नाही. चीज मधोमध तुटलं, खोडरबर तुटावं तसं.
५. एकतीस परत आले.
६. प्रत्येक खोक्यावर भाभीने कागद चिकटवलेला : ‘चीज डेअरीच्या लॅबमध्ये तपासलेलं – झंखनाबेन, बी.टेक.’ मला विचारलं नव्हतं.

सहावा मुद्दा पहिला लिहायला हवा होता.

दक्षामासी पायरीवरूनच ओरडल्या – “भाभी तुझी, लॅब तुझी, आणि आमच्या पोरांना प्लास्टिक होय गं?” वरून कुणाचा तरी पतंग कापला म्हणून थाळ्या वाजत होत्या. मला वाटलं, माझ्यासाठीच वाजतायत.

१६ जानेवारी

भाभीला सरळ विचारलं. चीज कुठून आणलं?

“कुठून म्हणजे? तुम्हीच आणता ना, झंखनाबेन. दर शनिवारी.”

आणते. हायवेवरच्या आमच्या डेअरीच्या चीज युनिटमधून, कर्मचाऱ्यांना मिळतं ते. एकेक किलोचे ठोकळे. त्यातल्या प्रत्येक बॅचच्या अहवालावर माझी सही असते. मी सही केलेलं चीज ताणलं जातं. ओव्हन दोनशे वीसवर होता. कणीक नीट फुगली होती. उरतं काय?

उरतं ते बाजारातलं ‘टॉपिंग’. पाम तेल आणि स्टार्च. दिसायला तेच, निम्म्या भावात. साठ ब्रेड म्हटल्यावर माझे ठोकळे पुरले नसतील.

मी एवढंच म्हटलं – “तेच असतं, तर ताणलं असतं.”

“मग मी काय चुना कालवला त्यात?”

माझा भाऊ, मौलेशभाई, जेवता जेवता म्हणाला, “झंखु, घरात शिरताना लॅबचा कोट बाहेर काढत जा.” मम्मी हसली. हसण्यासारखं काय होतं यात?

माझं नाव! त्या कागदावर! चार वर्षं अभ्यास करून मिळवलेली दोन अक्षरं – ती भाभीने गोंद लावून खोक्यावर मारली आणि आत काय भरलं ते मला माहीत नाही.

१७ जानेवारी

आज तपासलं.

ब्रेडमधलं चीज घेतलं नाही. त्याला मैदा लागलेला असतो. फ्रिजमध्ये डब्यात वेष्टन काढलेला अर्धा ठोकळा होता, उत्तरायणचाच. त्याच्या अगदी पोटातला तुकडा कापला. गरम पाण्यात उकळला, गार केला. त्यावर जखमेला लावायच्या आयोडीनचे दोन थेंब. शेजारी बटाट्याची चकती आणि घरचं पनीर, तुलनेसाठी.

पनीर – आयोडीनचा पिवळाच रंग राहिला.
बटाटा – काळानिळा.
चीज – काळंनिळं.

शुद्ध चीजमध्ये स्टार्च नसतो. विषय संपला.

सोसायटीच्या ग्रूपवर लिहिलं : ‘उत्तरायणच्या गार्लिक ब्रेडमधलं चीज भेसळीचं आहे. ते मी तपासलेलं नव्हतं. माझं नाव परवानगीशिवाय वापरलं आहे.’ तीन वाक्यं. एकही विशेषण नाही.

दक्षामासींचा लगेच अंगठा आला. मग अंगठ्यांची रांगच.

१८ जानेवारी

शाळेने सव्वीस जानेवारीची ऑर्डर रद्द केली. दोनशे ब्रेडची. फोन आला तेव्हा भाभी लसूण सोलत होती. “हो. हो, बेन. बरं,” एवढंच म्हणाली आणि सोललेल्या पाकळ्या पुन्हा सालींच्या ढिगात टाकून दिल्या.

दुपारी जमिनीवर बसून नखाने खोक्यांवरचे कागद खरवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली –

“लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या मम्मी सगळ्यांना सांगायच्या, हिला चहासुद्धा धड जमत नाही. नऊ वर्षं ‘मौलेशची वहू’ होते. दोन वर्षं झाली, लोक ‘बिजलबेनकडून आणलं’ म्हणतात.” मग आणखी एक कागद खरवडत, “म्हणायचे.”

वाईट वाटलं, पण खोटं ते खोटं. रडून स्टार्च जात नाही.

मौलेशभाई माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे!

१९ जानेवारी, रविवार

सकाळी ब्रेड मीच करायला घेतला. रागाने. खरं चीज घातलं की काय होतं, ते या घराला एकदा दाखवायचं होतं.

मैदा तीनशे वीस ग्रॅम, चार ब्रेडचा. यीस्ट पाच, साखर आठ, मीठ सहा, कोमट दूध-पाणी दोनशे दहा. दहा मिनिटं मळलं – इतकं जोर लावून की ओट्यावरचे डबे हलत होते. भाभी दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. तासाभराने गोळे लाटले. लोण्यात ठेचलेला लसूण, कोथिंबीर. मका, मिरची. कालच युनिटमधून आणलेला नवा ठोकळा, सीलबंद – सील मी माझ्या हाताने फोडलं. पस्तीस ग्रॅम प्रत्येकात. अर्धचंद्रासारखं दुमडलं, वर चिरा पाडल्या, तळापर्यंत न जाऊ देता. दोनशे वीसवर बारा मिनिटं.

वास घरभर. मम्मी म्हणाली, “आता कसं!”

मी तुकडा तोडला. तार आली नाही.

दुसरा तोडला. चीजवर साय धरल्यासारखी कातडी आणि बाजूला तेल सुटलेलं. जिभेला मेणासारखं चिकटत होतं.

ठोकळ्याच्या पोटातला तुकडा. उकळला. गार केला. दोन थेंब.

काळंनिळं.

वेष्टनावरचा बॅच नंबर वाचला. तीनदा वाचला. त्याच्या अहवालावर गुरुवारी मीच सही केलीय.

शुक्रवारी बटाटा ठेवला होता, पनीर ठेवलं होतं. सीलबंद ठोकळा ठेवला नव्हता. ज्या एका गोष्टीशी तुलना करायची, तीच वगळली – कारण ती माझी होती! पहिल्या वर्षाच्या मुलीला यासाठी मी नापास केलं असतं.

मग दिवसभर एकच प्रश्न – लॅबमध्ये माझ्यासमोर येतं ते चीज ताणलं कसं जातं? उत्तर साधं आहे. नमुना कनुभाई आणून देतात. उत्पादन विभागातले. स्टीलच्या डब्यात, चिठ्ठी लावून. “बेन, थंडीत आत कशाला येता, मी देतो ना आणून.” दोन वर्षांत पॅकिंगच्या खोलीत जाऊन एकही ठोकळा मी स्वतः उचललेला नाही. ठोकळ्यातलं नव्हे, डब्यातलं तपासलं. बरोबर तपासलं. चिठ्ठीवर विश्वास ठेवून!

चार वाजता भाभीला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. बशी तिच्यासमोर ठेवली, डाग दाखवला. तिने बशी बाजूला सरकवली.

“ग्रूपमध्ये माणसं किती आहेत?”

“एकशे बारा.”

“मग एकशे बारा जणांसमोर. इथे माझ्या एकटीजवळ येऊन नको.”

“लिहिते.”

“आणि तुमच्या नोकरीचं?”

तिने उशीचा अभ्रा झटकला.

“बघा, मी विचारलं तरी. तुम्ही लिहिण्याआधी माझं काय होईल ते विचारलं नव्हतंत.”

२० जानेवारी

स्वतः पॅकिंगच्या खोलीत गेले. कनुभाई – “आज इकडे कुठे, बेन?” तीन बॅचचे तीन ठोकळे उचलले, लॅबमध्ये तपासले. दोन काळेनिळे.

बशा घेऊन विभागप्रमुख त्रिवेदीसाहेबांकडे गेले. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, “या खुर्चीसाठी सहा जणं आली होती. तुला घेतलं, कारण तू शांत. उगाच इकडेतिकडे फिरणारी नाहीस.”

चहा तसाच ठेवून उठले. म्हणजे मी हुशार म्हणून नाही – मी जागची हलत नाही म्हणून!

२१ जानेवारी

सकाळी ७.१० ला ग्रूपवर : ‘बिजलभाभीने भेसळ केलेली नाही. चीज आमच्या युनिटचं होतं, मी आणलेलं, माझ्या सहीने पास झालेलं. शुक्रवारी मी लिहिलं ते चूक होतं.’ एकही अंगठा नाही. शाळेतही जाऊन हेच लेखी देऊन आले.

११ ला युनिटमध्ये पत्र दिलं, पोच घेतली. त्यातला शेवटचा परिच्छेद इथे उतरवते :

‘गेल्या दोन वर्षांत मी सही केलेल्या चीजच्या सर्व अहवालांवरची माझी सही मी आजपासून मागे घेत आहे. त्या अहवालांसाठी आलेले नमुने कुठून घेतले होते, ते मला शुक्रवार, २४ जानेवारी, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळवावं.’