दोन साबुदाणा वड्यांची साक्ष

सिंगापूर, सप्टेंबर २०१४

प्रिय सारंग,

गणेशोत्सवाच्या नाटकात मी जुन्या हॉलिवूडमधला नट होतो. चौकशी समितीपुढे कम्युनिस्ट मित्रांची नावं न सांगणारा. तू माझा वकील होतास. आंग मो किओ भागातल्या हॉलमध्ये तालमीच्या वेळी दिग्दर्शिका सरोजिनीताईंनी साबुदाणा वडे पुढे करत विचारलं, "माझी नक्कल कोण करतं रे?" दुसऱ्या वड्याला मी तुझं नाव सांगून बसलो. तुझी भूमिका गेली. का गेली, ते तुला कळलंच नाही.

काल प्रयोगात मी गरजलो, "जीव गेला तरी मित्राचं नाव सांगणार नाही!" पहिली टाळी तुझी. नंतर मिठी मारून म्हणालास, "ही भूमिका तुलाच शोभते!"

हे पत्र पाठवायची हिंमत नाही. साबुदाणा वडा मात्र काशीला न जाताच सोडलाय.

तुझा टाळ्याखाऊ मित्र,
प्रतीक