डब्यातली लोणच्याची फोड

९ नोव्हेंबर, रविवार

दीक्षा, मी बोलते तसंच लिही. शुद्ध करू नको. मला वाचता येत नसलं तरी नातीचं तोंड वाचता येतं.

आज चाकणला विलासच्या कंपनीत घरच्यांना बोलावलं होतं. हृदय कसं सांभाळायचं, ह्यावर कंपनीच्या डॉक्टरीणबाई बोलल्या. दिवसाला माणशी एक लहान चमचा मीठ — पापड, लोणचं, फरसाण सगळं त्यात धरून! तेल मोजून. तंबाखू बंद. रोज अर्धा तास चालायचं. सूनबाई आम्रपाली मान डोलवत होती. माझा लेक समोसा खात होता. समोसाही कंपनीचाच! निघताना घरटी एक वही दिली — रोज काय शिजलं ते लिहा म्हणून. तीच ही.

चहाच्या वेळी मी बाईंना कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, "तुमची बीपीची तपासणी आठ दिवस आधी बोर्डावर लागते. मग माझा विलास शेवटचे चार दिवस अळणी खातो, तंबाखू सोडतो, लसूण चावतो. पाचव्या दिवशी पास! आणि सुटल्यावर गेटवर सगळी टोळी मिसळ हाणते. एकदा न सांगता तपासा की." बाई आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

दीक्षा, हे तुझ्या पप्पांना कळलं तर माझी काठी आणि तुझी पाठ!

११ नोव्हेंबर

सकाळी पोहे. दुपारी भाकरी, मेथी. मी पापड किती खाल्ले ते लिहू नको.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

विलास भरदुपारी घरी. सकाळी न सांगता सगळ्यांच्या दंडाला पट्टा बांधला म्हणे. ह्याचं एकशे ऐंशी, खालचं एकशे दहा! जागेवर क्रेनवरून उतरवलं. वीस वर्षं उंच केबिनमध्ये बसून लोखंड उचललं — आता आठ दिवस रजा, मग दोन महिने खाली स्टोअरमध्ये. रोज एक गोळी.

पायातले बूटसुद्धा काढले नाहीत. ताट पुढं आलं तर भिरकावलं. "कुणीतरी चुगली केली. विक्कीच असणार! त्याला बसायचंय माझ्या जागेवर."

विक्की म्हणजे ह्याच्याच हाताखाली क्रेन शिकलेला पोरगा. एका डब्यात जेवतात दोघं. मी म्हटलं, "असं कसं रे म्हणतोस?"

"मग काय तू केलीस?"

मी चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

१५ नोव्हेंबर

हे पान कुणालाच दाखवायचं नाही. वही माझ्या गादीखाली ठेव.

दीक्षाचे आजोबा गेले तेव्हा पंचेचाळीसचे. पिंपरीला भट्टीवर होते. सकाळी धडधाकट गेले, अकरा वाजता चार माणसं दारात. एकाच्या हातात डबा. हृदय बंद पडलं, म्हणाले. दंडाला पट्टा कसला, आम्हाला तो माहीतच नव्हता. विलास बारा वर्षांचा.

त्यांना लोणच्याचं भारी वेड. रोज डब्यात आंब्याची मोठी फोड घालायची मी, खार ओघळेल अशी. त्या दिवशीही घातली. संध्याकाळी कुणीतरी तो डबा उघडला — भाकरी तशीच, भाजी तशीच. फोड तेवढी नव्हती.

छत्तीस वर्षं झाली. परवा बाई "लोणचं" म्हणाल्या आणि मला तो डबा दिसला. म्हणून बोलले मी त्यांच्याशी. चुगली तर चुगली.

रडू नको दीक्षे, शाई पसरतीय.

१६ नोव्हेंबर, रविवार

रजेवरचा माणूस घरात नुसता बसवेना. घरातल्या सगळ्या गाद्या उन्हात टाकल्या, माझीसुद्धा. झटकून, जागच्या जागी घालून दिली. आम्रपाली म्हणाली, "ह्यांना दर महिन्याला उतरवा क्रेनवरून!"

२० नोव्हेंबर

जादूच झाली! परवा ताट भिरकावणारा आता गुमान जेवतो. आमटीत मीठ अर्ध्यावर आणलंय, वर लिंबू पिळायचं, जवसाची चटणी बिनमिठाची. मीपण तेच खाते. अरे, जीभ आहे की पायपोस, असं होतं. तरी वाकडं तोंड करत नाही, करायचं झालंच तर आत मोरीत जाऊन करते.

चालायला मात्र नको म्हणाला. "लोक म्हणतील, विलास रिकामा फिरतोय." मग मी गुडघा धरला — "मला चालायला सांगितलंय रे, हात कोण धरील?" आता रोज डांगे चौकापर्यंत माझा हात धरून. "आई, मुंगी पुढं गेली," म्हणतो. "जाऊ दे, तिला कुणी तपासत नाही," म्हणते मी.

२४ नोव्हेंबर

भाजीबाजारात विक्की भेटला. पाया पडला. "आजी, विलासभाऊ माझ्याशी बोलत का नाहीत? मी काय केलं?" विलास पाठ करून दुधी निवडत राहिला. एवढा वेळ दुधी निवडतात का?

माझ्या तोंडाशी आलं होतं. गिळलं.

६ डिसेंबर, शनिवार

विहारात गेलो. वंदना झाली. बाहेर विक्की सगळ्यांना पाणी देत होता. विलाससमोर पेला धरला. विलासनं घेतला नाही! ऊन डोक्यावर, आणि माझा लेक तहानलेला घरी आला. पोरगा पेला धरून तसाच उभा.

माझ्यामुळं. जेवले नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज पुन्हा पट्टा. एकशे छत्तीस, खालचं शहाऐंशी! लसूण न चावता. गोळी सोडायची नाही, म्हणाल्या बाई — बरं वाटलं तरीही. जानेवारीत क्रेनचं बघू.

आम्रपालीनं बिनसाखरेचा चहा करून पेढ्यासारखा वाटला. मी ठरवलं होतं आज विलासला सांगायचं. दारापर्यंत गेले. परत आले. रोज दुसऱ्याला तिखट बोलणारी मी, आणि एवढंसं वाक्य निघत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

दीक्षा मैत्रिणीच्या लग्नाला गेलीय. वही घेऊन विलासच समोर बसलाय. "बोल आई, मी लिहितो."

मी म्हटलं, आज काही नाही लिहायचं.

म्हणाला, "गाद्या उन्हात टाकल्या तेव्हाच वाचलीय मी. विक्कीची माफी दुसऱ्या दिवशी मागितली. रोज एकत्र जेवतो आम्ही. तो दुधी, ते पाणी — तुझ्यासाठी नाटक होतं. म्हटलं, आता तरी सांगशील."

माझी काठी कुठं आहे?

मग म्हणाला, "बाबांचा डबा बसपर्यंत मीच न्यायचो ना? बस आली की ते झाकण उघडून फोड माझ्या हातावर ठेवायचे. रोज. त्या दिवशीसुद्धा. त्यांनी ती खाल्लीच नाही, आई."

खरं सांगतोय की माझं मन राखतोय? नाटक चांगलं करतो, हे तर आत्ताच कळलंय.

हेही त्यानं लिहिलं. मान वर केली नाही. पान भिजलं.