अक्काच्या पुस्तिकेतले तिसरे पान

४ जानेवारी, रविवार. देवपूर, धुळे.
माघी पौर्णिमेस पहूरला थोरल्या बहिणीचे, अक्काचे, सहस्रचंद्रदर्शन. त्या निमित्ताने काढायच्या पुस्तिकेचा मजकूर नानाने जळगावहून पाठवला. शुद्धलेखन तपासणे माझ्याकडे. तिसरे पान संपूर्ण चुकीचे आहे. नाना, आमचे धाकटे बंधू, लिहितात: ‘भाऊंच्या घरी आज जे मशीन आहे ते अक्काचे. मामांनी तिला लग्नात आंदण दिलेले. त्यावर शिवणकाम करून तिने आम्हा दोघा भावांना शिकवले. आई गेल्यावर दिवाळीत भाऊंनी ते पहूरहून धुळ्यास नेले.’

चार वाक्ये, एकही खरे नाही. माझ्या घरातील शिवणयंत्र आईचे. वडील गेल्यावर तिने त्यावर चोळ्या, शाळेचे गणवेश आणि कापूस वेचणाऱ्या बायांच्या झोळ्या शिवल्या व त्यातून आमची फी भरली. ते यंत्र पहूरला कधी गेलेच नाही, तर तेथून मी आणणार कसे? अक्काचे यंत्र निराळे. तिच्या सासरी, पहूरलाच, होते व आहे.

नानाला फोन. म्हणाला, “भाऊ, तू वेलांट्या पाहा. मजकूर राहू दे.”

आईचा उल्लेख त्या पानावर एकदाच, तोही ‘आई गेल्यावर’ असा. हे छापू देणार नाही.

६ जानेवारी, मंगळवार.
यंत्राची ओळख पुराव्याने पटवावी, म्हणून आवरण काढले. आमची ही गेल्यापासून त्याला कोणाचा हात लागलेला नाही. रॉकेलच्या फडक्याने पुसले. काळा रंग, त्यावर सोनेरी वेल, हात टेकतो तेथे झिजलेली. उजव्या अंगाला क्रमांक. आरंभी एक रोमन अक्षर, शेवटचे आकडे गेलेले. कारखान्याचे नाव घासून नाहीसे. म्हणजे विलायती एवढेच ठरले.

प्रत्येक छिद्रात तेल सोडले. चाक आधी हलेना, मग एकाएकी सैल झाले. शिवून पाहिले तो दोरा तुटला. पुन्हा तुटला. सूनबाई दारातून, “बाबा, चाक उलटं फिरतंय. आधी हाताने आपल्याकडे ओढा, मग पाय चालवा.” ती कधी शिवत नाही. तिला कसे ठाऊक, ते विचारले नाही.

९ जानेवारी, शुक्रवार.
पहूरहून आबांचा फोन. अक्काचे दीर, वय झाले तरी आवाज खणखणीत. नानाने ते पान घरच्या ग्रुपवर टाकले, ते त्यांनी वाचले. “भाऊ, नाना हे काय लिहून राहिला? वहिनीचं मशीन आमच्या घरात आहे ना. दर दसऱ्याला हळदकुंकू लावतो मी त्याला.” मला समाधान वाटले, ते लपवले नाही.

लगेच नानाला कळवले. तो गप्प बसेल असे वाटले होते. “मग ती सोनेरी वेल कोणाची? मामानं मशीन आणलं तेव्हा त्या वेलीवर बोट फिरवलं म्हणून मी मार खाल्ला. आईच्या मशीनवर वेल नव्हती रे.”
मी म्हणालो, सात वर्षांच्या मुलाची आठवण पुराव्यात धरत नाहीत.
“आणि बारा वर्षांच्याची धरतात का?”

दुपारी झोप नाही. अंगणात येरझारा.

१२ जानेवारी, सोमवार.
टाके सुटत होते. सुईची सपाट बाजू उलट्या दिशेस बसली होती, फिरवली. मग एक अभ्रा सरळ शिवला, दुसराही. बरे वाटले. बॉबिनमधला दोरा संपला म्हणून ती काढली.

बॉबिन गोल आहे.

आईच्या यंत्रात गोल बॉबिन नव्हती. खालच्या दोऱ्यासाठी लांबट शटल होते, होडीसारखे, लोखंडी. होडी म्हणून ते मी पाण्याच्या रांजणात सोडले होते, बुडाले. आईने खांद्यापर्यंत हात घालून काढले आणि त्याच ओल्या हाताने माझ्या पाठीत धपाटा दिला. हे मी विसरलेलो नाही. इतके दिवस ती आठवण या यंत्राशेजारी ठेवून पाहिली नाही, इतकेच.

यंत्राचा वरचा भाग, ज्याला बाजारात हेड म्हणतात, तो मागे कलता केला. खालच्या लाकडातली खाच त्याच्यापेक्षा लांब. उरलेल्या फटीत पट्टी ठोकून बसवलेली. बिजागरीजवळ जुन्या स्क्रूंची दोन भोके, लाकडी खुंट्या मारून बुजवलेली.

पायटा मात्र तोच. कोपरा तुटलेला. लहानपणी मी त्यावर बसून आईच्या पावलांबरोबर हलत असे. लोखंडी पाय आणि मेज आईचे, यात शंका नाही. हेड आईचे नाही.

नानाला काही बोललो नाही. आधी खात्री.

१५ जानेवारी, गुरुवार.
तिळगुळाचे निमित्त करून पहूर. जळगावला बस बदलली. तेथे नानाकडे गेलो नाही. अक्का ओसरीवर बसलेली, डोळ्यांनी आता फारसे दिसत नाही. आबांनी आपणहून यंत्राचे आवरण उचलले. “पाहा भाऊ. वहिनीनं कोणाला हात लावू दिला नाही.” काळे हेड, वेल नाही. मी चाकाजवळची सरकपट्टी बाजूला केली. आत होडी.

आबा मळ्याकडे गेल्यावर अक्का म्हणाली, “पट्टी सरकाडी का रे? आवाज उना माले.”

मग तिने सांगितले. जसे सांगितले तसे लिहितो. “मायनं मशीन जाड कपडावर अडके. झोळ्या शिवाले गयी का सुई तुटे. मनं नवं, आठे नुसतं पडेल व्हतं. आखाजीले माहेर उनी तवय वरलं बांधी आनं. सासूले सांगं, दुरुस्तीले लई जास. परत जातांना मायनं लई गयी. झाकन तेच. झाकनखाले कोन देखस?”

म्हणजे आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणात, मामांनी तिला दिलेले नवे हेड तिने आईच्या मेजावर बसवून घेतले आणि आईचे अडणारे जुने घेऊन सासरी परत गेली. आमच्या शिक्षणाची शिलाई आईच्या हातची, पण अक्काच्या यंत्रावरची. आईने सांगितले नाही. अक्कानेही नाही.

विचारले, नानाला सांगू का?
“आबा देवमानूस शे. त्या जुनाले दर दसराले हळदकुंकू लावस. त्याले आते काय सांगशी, भावजयनी घरनी वस्तू बदली लई गयी? नको लिखू.”

बसथांब्यापर्यंत आली, माझा दंड धरून. बस येताना दिसली तेव्हा म्हणाली, “पन मनं नाव तठे राहू दे.”
तिचे नाव तेथे म्हणजे नेमके कोठे, ते विचारायच्या आत वाहकाने घाई केली.

१८ जानेवारी, रविवार.
मन एका जागी ठरत नाही. लिहावयास बसलो की उठतो, उठलो की यंत्राशी जाऊन बसतो. सूनबाई म्हणाली, “बाबा, उशा संपल्या. आता अभ्रे शिवलेत तर उशा विकत आणाव्या लागतील.”

‘यंत्र आईचे’ असे दुरुस्त करावे तर ते खोटे, आणि अक्काचे नाव त्या पानावरून जाते. नानाचे वाक्य ठेवावे तर आईचे जाते, आणि आबा भर मांडवात उठून विचारतील. दोन्ही गाळावे तर पान कोरे. खरे लिहावे तर अक्काचा शब्द मोडतो. आणि शेवटी तिनेच जे मागितले ते कोणत्या वाक्यात बसवावे?

नानाचा फोन. टेम्पो ठरवला आहे. माझ्याकडचे यंत्र पहूरला नेऊन अक्काच्या खुर्चीशेजारी ठेवायचे, हार घालून. म्हणालो, टेम्पो थांबव.
“का? हरलास म्हणून?”
हो म्हणालो. मग, “भाऊ, तुझी तब्येत बरी आहे ना?”

मजकूर उद्या दुपारपर्यंत त्याला हवा.

१९ जानेवारी, सोमवार.
यंत्र कोणाचे, याला हात न लावता तिसऱ्या पानावरील काळवेळ तेवढी शुद्ध केली:

मामांनी यंत्र दिले ते लग्नात नव्हे, साखरपुड्यात.

अक्काचे लग्न: फाल्गुनात, होळीच्या आधी.

आईने शिवणकाम धरले ते वडील गेल्यावर नव्हे. ते आजारी होते त्या श्रावणातच. (हे माझे चुकले होते. अक्काने सांगितले.)

माझ्या घरी यंत्र आले: दिवाळीत व पहूरहून नव्हे. आई गेली त्यानंतरच्या गुढीपाडव्यास, जुन्या धुळ्यातल्या घरातून, हातगाडीवर, पांझरेच्या पुलावरून.

लग्नानंतरची पहिली आखाजी: अक्का माहेरी आली व परत गेली. नानाच्या मजकुरात ही ओळही नव्हती, मी घातली आहे. ती काय घेऊन आली होती, तेवढे लिहिण्यापुरती जागा ओळीच्या शेवटी मोकळी सोडली आहे. कागद अजून माझ्यापाशीच आहे.