स्थळ हे शहरच असल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधीक्षक (आस्थापना),
पाणीपुरवठा कार्यालय,
दुसरा मजला.

द्वारा: मुख्य लिपिक (यांनी ‘पाहिले’ एवढेच लिहून अंग काढून घेतले आहे).

विषय: चार दिवस समुद्रकाठच्या शहरी सहकुटुंब जाण्यासाठी मागितलेली रजा दुसऱ्या लग्नासाठी नसल्याबाबत खुलासा, आणि तीच रजा पुन्हा मागण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा मूळ रजा अर्ज.
२) त्यावर आपल्या कार्यालयाने पाठवलेली प्रश्नावली.
३) अर्जदाराची उत्तरे, जी त्याने दिली नसती तर बरे झाले असते.
४) आपले ‘कारणे दाखवा’ पत्र.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदार या कार्यालयाच्या भांडारात भांडारपाल असून तोट्या, वायसर, मीटरच्या काचा आणि जे जे गळते ते थांबवण्याचे सर्व सामान त्याच्या ताब्यात आहे. अर्जदाराला एक मुलगी व एक पत्नी आहे. दुसरा आकडा अर्जात लिहायची एरवी गरज नसते, परंतु प्रस्तुत प्रकरणी तो स्पष्ट करणे भाग आहे.

१. अर्जदाराची पत्नी घरी शिवणकाम करते. शाळेच्या गणवेशांचे काम उन्हाळ्याच्या शेवटी येते, आणि एकदा आले की तिला मान वर करायला फुरसत नसते. त्याआधी एक आठवडा तिचे यंत्र बंद असते. त्या आठवड्यात समुद्र पाहून यायचे असे दोघांनी लग्न झाले त्याच वर्षी ठरवले होते. मग दरवर्षी काही ना काही आडवे येत गेले. कधी भांडाराची मोजणी, कधी अर्जदाराच्या आईचे गुडघे, कधी मुलीची परीक्षा. आता मुलगी नोकरीच्या गावी असते, आई धाकट्या भावाकडे सुखात आहे. यंदा आडवे यायला कोणी उरलेलेच नव्हते. कार्यालय आहे, हे अर्जदाराच्या ध्यानात राहिले नाही.

२. रजेच्या अर्जात ‘कारण’ या शब्दापुढे जी जागा ठेवलेली आहे ती जेमतेम बोटभर आहे. अर्जदार तेथे ‘फिरायला जाणे’ असे लिहिणार होता. मुख्य लिपिकांनी त्याचा हात धरला. ‘अहो, फिरायला लिहिलंत तर साहेब म्हणतील, इथे काय कमी फिरतो हा? जरा वजनदार लिहा. प्रेक्षणीय स्थळ पाहणे, असं लिहा,’ असे ते म्हणाले. सल्ला चांगला होता. पण ‘प्रेक्षणीय’ हा शब्द त्या जागेत मावेना, म्हणून अर्जदाराने तो गाळला. ‘सहकुटुंब’ मात्र मावला. अशा रीतीने ‘समुद्रकाठचे स्थळ पाहणे, सहकुटुंब’ हे कारण आपल्या टेबलावर आले. कोणत्या दिवशी काय बघायचे याचा एक कागद पत्नीने हौसेने करून दिला होता, तोही अर्जदाराने सोबत जोडला. त्याला तिने आपल्या अक्षरात मथळा दिला होता, ‘पाहण्याचा कार्यक्रम’. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

३. आपण ‘स्थळ’ या शब्दाखाली लाल रेघ ओढून ‘कोणासाठी?’ असा शेरा मारलात. अर्जदाराने त्याखाली ‘स्वतःसाठी’ असे लिहिले. घरात लग्नाच्या वयाची मुलगी असताना माणसाने असे लिहावे याचा आपल्याला केवढा धक्का बसला असेल, हे अर्जदार आज समजू शकतो. त्या वेळी त्याला वाटले, साहेबांनी आपुलकीने विचारले.

४. पुढे प्रश्नावली आली. तीसुद्धा अर्जदाराला आपुलकीचीच वाटली, कारण आजवर या कार्यालयाने त्याला तोट्यांखेरीज काही विचारलेले नव्हते. स्थळाचे वय विचारले होते. अर्जदाराने ‘तीनशेच्या वर असावे, पण अजून देखणे आहे’ असे लिहिले. त्यापुढे ‘उत्तर उपहासात्मक’ असा शेरा पडला. स्थळ कोणी सुचवले, तर पत्नीच्या मावसबहिणीने. ती तिथे राहून आली आहे. पूर्वी पाहिले आहे काय, तर फक्त फोटोत. पहिल्या पत्नीस याची कल्पना आहे काय, या प्रश्नातील ‘पहिल्या’ या शब्दाकडे अर्जदाराचे लक्ष गेले नाही. तो छपाईचा काहीतरी प्रकार असेल असे समजून त्याने लिहिले की, कल्पना तिचीच आहे, आणि ती बॅग भरून बसली आहे. पसंत पडल्यास पुढील विचार काय, यावर ‘दर उन्हाळ्यात जाण्याचा विचार आहे’ असे लिहून अर्जदाराने खाली झोकात सही केली.

५. त्यानंतर ‘कारणे दाखवा’ पत्र आले. पत्नी हयात असताना दुसरे स्थळ पाहणे, तेही रजा घेऊन, तेही पत्नीला सोबत नेऊन, हे कर्मचाऱ्यास न शोभणारे वर्तन असल्याने अर्जदारावर कारवाई का करू नये, अशी त्यात विचारणा आहे. अर्जदाराने ते पत्र भांडारात उभ्याने वाचले आणि मग पाइपांच्या ढिगावर बसून पुन्हा वाचले. संध्याकाळी पत्नीला दाखवले. ती इतकी हसली की तिच्या तोंडातल्या टाचण्या जमिनीवर सांडल्या. ‘अगंबाई, तुम्हाला कोण देणार?’ असे ती म्हणाली. हा शेरा कार्यालयाच्या दप्तरी घ्यावा, कारण अर्जदाराच्या बाजूने एवढा भक्कम पुरावा दुसरा नाही.

६. परंतु गोष्ट फाइलीत राहिली नाही. पहारेकरी गेल्या आठवड्यापासून अर्जदाराला फाटक उघडताना डोळा मारतो. टंकलेखिका पूर्वी त्याला काका म्हणत असे, ती आता काहीच म्हणत नाही. हिशेबनीस एकांतात गाठून ‘कसं जमवलंत?’ असे कौतुकाने विचारून गेले. मेहुणे, म्हणजे पत्नीचे थोरले बंधू, रविवारी आले, पंख्याखाली बसले आणि पाण्याच्या पेल्याला हात न लावता म्हणाले, ‘इतक्या वर्षांत बहिणीला कुठे नेलं नाहीत. नेमकं आत्ताच कसं सुचलं हो?’ अर्जदाराने सगळी हकिगत सांगितली. ती सांगताना त्याला स्वतःलाच ती खोटी वाटू लागली. पत्नी त्या दिवशी हसली नाही. मेहुण्यांनी विचारलेला प्रश्न तिच्या डोक्यात राहिला असावा, आणि खरे सांगायचे तर तो प्रश्न वाईट नव्हता.

७. आपल्या आदेशाने कल्याण निरीक्षक बाई घरी चौकशीला आल्या. बाई स्वभावाने चांगल्या आहेत. त्यांनी आधी स्वतःच्या पोलक्याचे माप दिले आणि मग चौकशी सुरू केली. ‘संसार समाधानाचा आहे का?’ असे त्यांनी पत्नीला विचारले. अर्जदार सरबताचे पेले घेऊन दारात उभा होता. याचे उत्तर यायला वेळ लागू नये असे त्याला वाटत होते. पत्नीने मापाची फीत गुंडाळून ठेवली, खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाली, ‘समुद्र बघून परत आले की सांगते.’ बाईंनी ‘उत्तर संदिग्ध’ असे लिहून घेतले. त्या गेल्यावर अर्जदाराने पेले विसळून ठेवले. पण त्याला ते लागले, हे इथे नमूद करावेसे वाटते. नमूद करायला दुसरी जागा नाही.

८. अर्जदाराने समक्ष भेटून सदर स्थळ हे एक शहर आहे, त्याला बंदर आहे, दीपस्तंभ आहे, मासळीबाजार आहे, असे आपल्याला सांगितले. आपण ‘ते ठीक आहे, पण कागदावर काय आहे?’ असे म्हणालात. नंतर लेखी कळवलेत की, सदर स्थळ हे शहर असल्याबाबत व विवाहेच्छू व्यक्ती नसल्याबाबत तेथील सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र सादर करावे. अर्जदाराने तेथील नगरपालिकेत फोन लावला. तिकडचे गृहस्थ म्हणाले की, असे प्रमाणपत्र अर्जदाराला स्वतः येऊन न्यावे लागते. स्वतः जायचे तर रजा हवी, आणि रजेसाठी ते प्रमाणपत्र हवे. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, अशी अर्जदाराची अवस्था झाली. गेल्या उन्हाळ्यात आपण स्वतः त्याच शहरी ‘अभ्यासदौऱ्या’वर गेला होतात. अभ्यासाने नाकाची साल गेलेली या कार्यालयाने तेव्हा प्रथमच पाहिली. त्या वेळी ते शहर होते, याला आपले नाकच साक्षीदार आहे. अर्जदाराने हे समक्ष बोलायचे धाडस केले नव्हते, ते आता लेखी करत आहे.

९. या घोळात मोकळा आठवडा उजाडला. मंगळवारी सकाळी पत्नी बॅग घेऊन दारात उभी राहिली. अर्जदार म्हणाला, सोमवारपर्यंत थांब, साहेबांची सही होईल. ती म्हणाली, ‘खोली मंगळवार ते रविवार घेतलीय. ती काय तुमच्या साहेबांच्या सहीची वाट बघणार आहे? आणि सोमवारी माझं कापड येतंय.’ तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर अर्जदाराने तो घालवला असता, त्याची त्याला सवय आहे. तिने फक्त चप्पल घातली, भाजीची सूचना दिली आणि निघाली. अर्जदार स्टेशनवर पोचवायलाही गेला नाही, कारण त्या दिवशी भांडारात मीटरच्या काचा यायच्या होत्या. त्या आल्या नाहीत.

१०. आज सकाळी तिचा फोन आला. अर्जदार त्या वेळी तोट्या मोजत होता. ती म्हणाली, खोली बरी आहे. घरमालकीण बोलकी आहे, ‘एकट्याच आलात?’ म्हणून विचारत होती. ‘मी म्हटलं, आमच्या ह्यांची चौकशी चाललीय. तर त्या घाबरल्याच, म्हणाल्या, सुटतील हो, काळजी करू नका.’ हे सांगताना पत्नी पुन्हा पूर्वीसारखी हसली, आणि अर्जदाराला फार बरे वाटले. मग समुद्र ऐका म्हणून तिने फोन समुद्राकडे धरला. अर्जदाराने कान दाबून ऐकले. पाण्याचा दाब कमी झाला की नळ जसा आवाज करतो, तसला काहीतरी आवाज आला. त्याने ‘छान आहे’ असे सांगितले. त्यावर ती म्हणाली, ‘किनाऱ्याला दगडी कट्टा आहे. संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही, इतकी गर्दी. मी आपली लवकर जाऊन बसते आणि शेजारी पिशवी ठेवते. सारखं कोणी ना कोणी येऊन विचारतं, इथे कोणी आहे का? मी सांगते, येतायत. परवा सांगितलं, काल सांगितलं, आजही सांगेन.’ मग म्हणाली, ‘किती दिवस सांगू हो?’

अर्जदाराने ‘साहेबांना विचारून सांगतो’ असे म्हटले, आणि तोंडातून शब्द गेल्यावर त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की, फोन बंद झाल्यावरही तो बराच वेळ कानाला लावून उभा होता. तोट्या पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.

११. सबब विनंती अशी की, शुक्रवार ते सोमवार (रविवारी रात्री निघालेली परतीची गाडी सोमवारी सकाळी पोचते) अशी रजा मंजूर व्हावी. दुसऱ्या लग्नाचा आरोप मागे घेणे शक्य नसेल तर तो अर्जदार परत येईपर्यंत तसाच ठेवावा, त्याची अर्जदाराला घाई नाही. शहर असल्याचे प्रमाणपत्र वाटेत मिळाल्यास आणले जाईल. पहिल्या पत्नीचे संमतिपत्र हवे असल्यास तेही तिच्याकडून कट्ट्यावर बसून लिहून घेता येईल, मात्र ती त्यात काय लिहील याची हमी अर्जदार देऊ शकत नाही. तेच ऐकायला तर तो निघाला आहे.

मंजुरी आज सायंकाळपर्यंत आल्यास आपले उपकार होतील. न आल्यास कार्यालयाने या अर्जाचे काय करायचे ते करावे. उद्या सकाळच्या गाडीने जातो आहे. कळावे.

आजपर्यंत आज्ञाधारक असलेला,

(सही)
भांडारपाल
गुरुवार, दुपार

सोबत:
१) मूळ रजा अर्जाची प्रत, आपल्या लाल रेघेसह.
२) सदर स्थळाचा फोटो. (बंदराच्या बाजूने काढलेला आहे. पाहून परत करावा, तो पत्नीचा आहे.)
३) भांडाराच्या किल्ल्या, दोन. (दार फुगले आहे. आधी खांद्याने ढकलावे, मग किल्ली फिरते.)