आईंचा मुक्काम माझ्या तंबूत

१३ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी ४.

हिशेबाच्या वहीची मागची अकरा पानं कोरी आहेत. वाया घालवण्यापेक्षा सहलीची रोजनिशी लिहिते. कोणी वाचायची नाही. ह्यांनी तर नाहीच.

उद्यापासून चार रात्री राष्ट्रीय उद्यानात मुक्काम. एकदा जंगलात झोपायचं, अशी सासूबाईंना ब्याऐंशीव्या वर्षी इच्छा झाली. भावजींनी आरव्ही भाड्याने घेतली आहे, म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, हीटर, संडास. जंगलात जायचं आणि घरात बसायचं! धाकट्या जावेच्याच डोक्यातून निघालेलं, दुसऱ्या कोणाच्या? आम्ही तंबू नेणार. बहिणीच्या माळ्यावर नऊ वर्षं पडून होता. फुकट.

आई अर्थातच आमच्या तंबूत. बावीस वर्षं त्यांचं सगळं मी करते आहे. तक्रार एकदाही नाही. (ह्यांना रोज सांगते ती तक्रार नव्हे, माहिती.) धाकटी वर्षातून दोनदा येते, एक शाल आणते, फोटो काढते, आणि आई पुढे महिनाभर त्या शालीचे गोडवे गातात. असो. आता चार दिवस दोघी सुना शेजारी-शेजारी. कोण किती करतं ते त्यांच्या डोळ्यांनाच दिसेल. मला एकच हवं आहे. आईंच्या तोंडून एक चांगला शब्द, धाकटीच्या समोर. बावीस वर्षांत दुसरं काही मागितलेलं नाही. देवाला तसं सांगून ठेवलं. आज १०८ ऐवजी २१६ जप.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळी ७.

पोचलो. जागा क्रमांक बारा. अशी जागा सगळ्या उद्यानात नसेल. जमीन सपाट, नळ दहा पावलांवर, स्वच्छतागृह तीस पावलांवर. ज्येष्ठांसाठी राखीव असते. आईंच्या नावाचं कार्ड मीच काढलं होतं. अट एवढीच की कार्ड ज्याचं, त्याने रात्री त्याच जागेवर झोपायचं. त्यात काय मोठंसं!

धाकटीची आरव्ही शेजारी, तेरा नंबरवर. आकडाच बोलका आहे.

तंबू उभारायला तीन तास. ह्यांनी कागद उलटा धरला होता. शेवटी एक दांडी उरली. हे म्हणाले, उरली म्हणजे कुठेतरी लागायची राहिली. मी म्हटलं, देवाने जास्तीची दिली, जपून ठेवा.

गवत वाळलेलं आहे म्हणून देवापुढे निरांजन लावायला रेंजरबाईंनी मनाई केली. खाकी गणवेश, मोठी टोपी, बोलायला गोड. मी समजावलं की ही आग नव्हे, ज्योत आहे. त्या म्हणाल्या, गवताला फरक कळत नाही. देवापुढे टॉर्च लावला. सेल निम्मे आहेत, म्हणून फक्त स्तोत्रापुरता.

१५ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ८.

थंडी बरी होती. बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय होती, पण पातळ.

आई रात्री पाच वेळा उठल्या. पाचही वेळा मी काठी, टॉर्च, शाल घेऊन मागे. म्हटलं, आई, निजायच्या आधी पाणी अर्धाच पेला घेत जा. त्या म्हणाल्या, अगं, अर्धाच तर देतेस.

इथे प्रत्येक जागेवर एक लोखंडी पेटी असते. अस्वलं वासावर येतात, म्हणून खाण्याचं सगळं त्यात कुलूपबंद. फार शहाणा नियम. आईंची बिस्किटं, साखर आणि पेपरमिंटच्या गोळ्या मी ताबडतोब आत टाकल्या. किल्ली माझ्या गळ्यात. डॉक्टरांनी साखर बंद केलेली नाही, पण उद्या केलीच तर सवय असावी. आई म्हणाल्या, पेपरमिंटला अस्वल येतं का गं? मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

सकाळचा चहा आईंनी तेरा नंबरवर घेतला. शेजारधर्म. दोन चमचे साखर घातली, असं हे म्हणाले. ह्यांना कसं माहीत, विचारल्यावर खोकले.

संध्याकाळी ६.

आरव्हीतून हसण्याचे आवाज. पत्ते खेळताहेत. आई इतक्या हसतात हे मला माहीत नव्हतं. वयाने होतं असं कधी कधी. डॉक्टरांना विचारायला हवं.

निश्चय: आजपासून आईंना तंबूतच गुंतवून ठेवायचं. पोथी मोठ्याने वाचेन.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ७.

आई काल रात्री आरव्हीत झोपल्या. गुडघ्याला हीटरचा शेक मिळावा म्हणून. एकच रात्र. मीच परवानगी दिली. म्हणजे त्या गेल्यावर दिली.

पोथीचा पहिला अध्याय वाचून झाला तेव्हा त्या जांभई देत होत्या. दुसरा संपवून वर पाहिलं तर अंथरूण रिकामं. हेसुद्धा गायब. ते म्हणे आईला पोचवायला गेले होते. वीस पावलं पोचवायला दीड तास.

धाकटीने येऊन सांगितलं, ताई, तुम्हीही या ना आत, किती गारठलात! हात धरला माझा. तिचा हात गरम होता. ढोंगी माणसांचे हात गरमच असतात. म्हटलं, मला तंबूची हवा मानवते. नाक वाहत होतं ते हवेनेच.

दुपारी २.

आईंची काठी न्यायला हे आले आणि काठी घेऊन गेले. नंतर चष्मा न्यायला आले. नंतर आईंची उशी. मी म्हटलं, एकदाच काय ते सामान न्या की! टोमणा होता. त्यांनी सरळ बॅग उचलली.

धोका नको म्हणून उशी मात्र ठेवून घेतली. आईंना ह्या उशीशिवाय झोप येत नाही. रात्री येतीलच.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ९.

उशीशिवाय झोप आली म्हणे.

रेंजरबाई दर शुक्रवारी सकाळी ज्येष्ठांच्या जागा बघून जातात, हे काल नळावर कळलं. म्हणून पहाटेच आईंच्या अंथरुणात ती उशी, तिच्याखाली ह्यांचं जॅकेट आणि वर धाकटीने दिलेली शाल पांघरून ठेवली. शाल अखेर कामाला आली. यात खोटं काही नाही. अंथरूण आईंचं, उशी आईंची, शाल आईंची. आईच काय त्या नव्हत्या.

रेंजरबाईंनी जाळीतून डोकावून विचारलं, आजी अजून झोपल्यात का? मी एक शब्द बोलले नाही. फक्त ओठांवर बोट ठेवलं. बोट म्हणजे बोलणं नव्हे. त्या हळूच म्हणाल्या, झोपू द्या, झोपू द्या. पाय न वाजवता वळल्या. चांगल्या घरच्या असाव्यात.

तेवढ्यात आरव्हीची खिडकी उघडली आणि आई चहाचा मग हलवत ओरडल्या, अगं मोठे, तिकडे कोणाला झोपवलंयस? ये लवकर, चहा गरम आहे!

रेंजरबाईंनी शालीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी देवाकडे पाहिलं. टॉर्च बंद होता.

दुपारी ३.

जागा क्रमांक एकसष्ट. उतारावर. नळ चारशे बारा पावलं, मोजली. बारा नंबरवर दुसरे आजोबा आले.

तंबू हलवताना ह्यांची कंबर धरली. अगदी वेळेवर. भावजींनी निम्मं सामान वाहिलं आणि वाटेत म्हणाले, वहिनी, मनाला लावून घेऊ नका, आईचं मन रमलंय एवढंच. मी म्हटलं, मनाला लावून घ्यायला काय झालंय? त्यांचं रमलं यातच माझं आलं.

आज हे आरव्हीतच झोपणार. कंबरेला उतार चालत नाही.

एक गोष्ट चांगली झाली. इथून सगळं दिसतं. तेरा नंबरची खिडकीसुद्धा. उद्या निघायचं आहे. निघताना माणूस मनातलं बोलतं. आईही बोलतील.

१८ ऑक्टोबर, शनिवार. गाडीत. दुपारी १.

अक्षर हलतं आहे. गाडीमुळे.

सामान बांधून झाल्यावर आईंनी सगळ्यांना आरव्हीबाहेरच्या टेबलापाशी बोलावलं. मला शेजारी बसवलं. माझ्या हातावर हात ठेवला. धाकटी समोर. भावजी, हे, सगळे हजर. म्हटलं, आला तो क्षण. पदर सारखा केला.

आई म्हणाल्या, मोठीने बावीस वर्षं माझं केलं.

एवढं म्हणून पाणी प्यायला थांबल्या. पेला पूर्ण भरलेला होता. मी मनात म्हटलं, पुढे बोला, आई.

म्हणाल्या, आता तिला मोकळी करते. मी आजपासून धाकट्याकडे राहीन.

मी विचारलं, माझं काही चुकलं का? आई म्हणाल्या, नाही गं, चुकायला तू काय नवखी आहेस? पण तुझ्याकडे सगळं मोजून असतं. गोळी मोजून, साखर मोजून, पाण्याचे घोट मोजून. मला वाटतं, माझे दिवसही कुणीतरी मोजतंय. इकडे जरा उधळायचे आहेत.

सगळे हसले. मीही हसले. हसायला सांगितल्यासारखी.

धाकटी म्हणाली, ताई, मी खरंच काही बोलले नव्हते हो. ह्यांना मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? हे दूर झाडांकडे बघत म्हणाले, बुधवारी पत्ते खेळताना विषय निघाला होता. बुधवार! म्हणजे मी दोन दिवस उशीची राखण करत होते आणि घरच्यांनी केव्हाच सगळं ठरवून टाकलं होतं. सेवा करायची एकीने आणि आयता मान घ्यायचा दुसरीने. बावीस वर्षं एका बाजूला, गॅसचा हीटर एका बाजूला. काटा हीटरकडे झुकला.

मात्र एक लिहून ठेवते. 'केलं' म्हणाल्या. 'चांगलं केलं' म्हणायच्या बेतात होत्या, पाणी मध्ये आलं.

आठ दिवसांत परत येतील. जास्तीत जास्त दहा.

२ नोव्हेंबर, रविवार.

पंधरा दिवस झाले. भावजी येऊन आईंची आरामखुर्ची घेऊन गेले. मी म्हटलं, कशाला एवढ्या लांब नेता, पुन्हा आणावीच लागेल. ते खुर्ची सावरत, पाय जपून जिना उतरले.

घरात वेळच वेळ. जप पाच हजारांवर गेला. पहाटे उठावं लागत नाही. तरी जाग येते, हवेमुळे.

ह्यांच्याशी बोलत नाही आहे. ह्यांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.

देव आहे!

धाकटीचा फोन. रडवेली. म्हणाली, ताई, मी काय करू? आईंचं सकाळ-संध्याकाळ एकच. मोठी कशी घड्याळाच्या ठोक्याला गोळी द्यायची. मोठीच्या हातचं अंथरूण म्हणजे सुरकुती नाही. मोठी रात्री हाक मारायच्या आत उभी असायची. ताई, काल तर पाहुण्यांसमोर म्हणाल्या, मोठीसारखी सून मिळायला पुण्य लागतं.

मी तिला तीन वेळा परत म्हणायला लावलं. ऐकू नीट येत नव्हतं.

पाहुण्यांसमोर! मी कधी मनात किंतु ठेवलाच नव्हता. आईंचं मन मी ओळखून आहे, हीटरची हौस चार दिवसांची. धाकटीला म्हटलं, रडू नकोस, तुझा दोष नाही, सेवा अंगात असावी लागते. परवा येते आणि घेऊन जाते. ती म्हणाली, अहो पण ताई... तिचं पुढचं ऐकायला वेळ नव्हता. खोली झाडायची होती.

ह्यांच्याशी बोलले. एकदम बोलल्यामुळे दचकले.

आईंचे कपडे आणायला मोठी बॅग काढली. निश्चय: आता चहात साखर घालेन. अर्धा चमचा. सपाट नको, थोडा उंचच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. रात्री ८.

जाऊन आले.

आई त्यांच्या आरामखुर्चीत उन्हाला बसल्या होत्या. जरा भरल्यासारख्या वाटल्या. मला पाहून म्हणाल्या, ये, ये, बॅग केवढी आणलीस! कुठे गावाला निघालीस का?

मी म्हटलं, आई, तुम्हाला न्यायला आले. पाहुण्यांसमोर काय म्हणालात ते कळलं मला.

आईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. धाकटी आत होती. मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाल्या, अगं, ती मनाची चांगली आहे, पण हाताने सावकाश. तुझं नाव काढलं की कशी टुणकन उठते! सकाळी एकदा काढते, रात्री एकदा. आता फार काढावं लागत नाही.

मी विचारलं, म्हणजे ते खरं नव्हतं?

त्या म्हणाल्या, खरं नसतं तर लागलं असतं का तिला? आणि माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, पण राहायचं मी इथेच हं.

मग मोठ्याने आत हाक मारली, अगं, मोठी आली आहे, चहा टाक! धाकटी खरंच टुणकन उठली. चहा चांगला होता. साखर किती ते विचारलं नाही.

येताना बसला गर्दी होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, एवढी मोठी बॅग, मांडीवर घेऊ का मी थोडा वेळ? म्हटलं, नको हो, रिकामीच आहे.