सही सुनेची, चूक माझी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, धंदा शिवणकाम, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते, आणि हे लिहायला मला कोणी भरीस पाडलेले नाही. यापूर्वी मृत्युपत्र केले नाही. ठेवण्यासारखे फार नव्हते.

१. दोन खोल्यांचे हे घर माझ्या नावावर आहे. ते मी माझ्या सुनेला देते. ती सहा वर्षे इथे राहत नाही. मुलाने हरकत घेऊ नये. कारण तिसऱ्या कलमात आहे.

२. पायाचे जुने शिवणयंत्र आणि मोठी कात्री मुलाला. त्या कात्रीने कागद कापू नये, हे शंभरदा सांगून झाले आहे.

धाकट्या दिरांना काही नाही. त्यांच्याकडे आमची शिडी आहे, ती तेवढी परत आणावी. "कोर्टाचा कागद घ्यायचाच नाही, वहिनी. घेतला गेलाच तर दडवून टाका, केस आपोआप मरते," हा सल्ला त्यांचा. ऐकणारी मी, म्हणून दोष माझाच.

३. मुलाने धंदा वाढवायला ओव्हरलॉक मशीन कर्जावर घेतले होते. हप्ते थकले, वसुलीचा दावा लागला. कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन आला तेव्हा मुलगा कापड आणायला गेला होता. मी आतून कडी लावायला धावले, पण सुनेने आधीच दार उघडले होते. तिने कागद वाचला आणि सही करून घेतला.

मी तिला नाही नाही ते बोलले. ती म्हणाली, "आई, तारखेला नुसतं जाऊन उभं राहू. मी येते ना तुमच्याबरोबर." मी कागद हिसकावला, गणवेशांच्या कागदी नमुन्यांच्या गठ्ठ्यात खुपसला, आणि मुलाला सांगायचे नाही म्हणून तिला माझ्या गळ्याची शपथ घातली. त्याचे ब्लडप्रेशर वाढेल, असे कारण दिले. खरे तर मला लाज वाटत होती.

तारीख गेली. आमच्याकडून कोणी हजर नाही म्हणून एकतर्फी निकाल झाला. जप्तीवाले मशीन उचलायला आले तेव्हा दारात गिऱ्हाइके उभी होती. मुलगा म्हणाला, आम्हाला कळवलेच नाही. त्यांनी पोच दाखवली. तिच्यावर सुनेची सही.

"तू घेतलास कागद? आणि मला बोलली नाहीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी एका सदऱ्याला बटणे लावत होते, ती लावत राहिले. तिने शपथ पाळली. महिन्याभरात ती बॅग भरून गेली आणि मुलगा तिला अडवायला उठला नाही. तेव्हापासून तो एकटा जेवतो.

४. तो बेलीफ आता निवृत्त आहे. मागच्या महिन्यात विजार आखूड करायला आला. मी धीर करून विचारले. तो म्हणाला, "हजर राहिला असतात तर हप्ते बांधून मिळाले असते, मावशी. बऱ्याच जणांना मिळतात." त्याची विजार मी दोनदा उसवली.

५. सुनेने हे घर राहायला घ्यावे, विकावे, नाहीतर कुलूप लावून ठेवावे. तिने ते घेतले म्हणजे मला माफ केले, असे कोणी धरू नये.

६. मी गेल्यावर कळण्यापेक्षा समोर कळावे म्हणून हे सर्व आज सहीआधी मुलाला वाचून दाखवले. तिसरे कलम संपले तेव्हा तो उठला. "सहा वर्षं, आई?" एवढेच म्हणाला आणि अनवाणीच बाहेर गेला. तो आल्यावर त्याच्या देखत सही करावी म्हणून मी आणि दोघे साक्षीदार बसून राहिलो. दुपार टळून गेली. साक्षीदारांना त्यांची कामे आहेत. म्हणून सही करते आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: अकरा फेब्रुवारी
सही: स्वहस्ते

आमच्या समक्ष सही झाली. मुलगा तोवर आला नव्हता.
साक्षीदार: १. शेजारचा इस्त्रीवाला
२. निवृत्त बेलीफ